पक्कं नाक

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर विराजमान आपल्या मुलामा कारखान्याचे मालकसाहेब, दवाखान्याच्या डॉक्टरबाई, युनियनचे सेक्रेटरी, क्रोम खात्यातली सगळी मंडळी, त्यांच्या घरून आलेल्या माझ्या मैत्रिणी, आणि आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे! सगळ्यांना मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालक म्हणाले, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला." आता दोनच बोलायचे असते तर मी खुर्चीवरूनच बोलले असते. माईकपर्यंत चालत आलेय, तेव्हा थोडे जास्त होतील. सांभाळून घ्या.

मघाशी मालकसाहेबांनी ह्यांना एवढा मोठा गुच्छ दिला. फोटोग्राफरदादा म्हणाले, "साहेब, जरा फुलांचा वास घ्या, फोटो छान येईल." ह्यांनी लगेच डोळे मिटले, फुलांत नाक घातलं, चेहऱ्यावर असं समाधान आणलं की तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. खाली बसल्यावर माझ्या कानाशी आले आणि हळूच विचारलं, "कसा आहे गं वास?"

मी म्हटलं, "मंद आहे. पावडरच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा." ह्यांनी मान हलवली. आमच्याकडे हे रोजचंच आहे.

तुम्ही ह्यांना आरसामास्तर म्हणता. ह्यांच्या क्रोमच्या टाकीत बुडवून निघालेल्या नळात तोंड पाहून भांग पाडता येतो, हे खरंच आहे. पण मला हे भेटले ते आरशामुळे नव्हे, नाकामुळे. मी तेव्हा लॉन्ड्रीत इस्त्री करायचे. हे कपडे घ्यायला आले, काउंटरपाशी थबकले आणि म्हणाले, "साबण बदललात वाटतं." आमच्या मालकिणीलासुद्धा तो बदल कळला नव्हता! मी मान वर करून पाहिलं, आणि मग काय, झालंच.

काय नाक होतं हो ते! संध्याकाळी दार उघडलं की उंबऱ्यातूनच माझा सगळा दिवस सांगायचे. आज गाद्या उन्हात टाकल्यास. आज दूध उतू गेलं, आणि तू ते लपवतेयस. माझी आई गेली त्या वर्षी एकदा घरात आले, उशी उचलली आणि म्हणाले, "ओलसर वास येतोय. दुपारी एकटीच रडलीस का?" मी उशी त्यांच्या हातून काढून घेतली. पण कुणीतरी न सांगता आपलं ओळखतंय, याचं केवढं सुख असतं!

आता मालकसाहेबांना ठाऊक नसेल अशी खात्यातली एक रीत सांगते. मंडळी, खाली बघू नका, मी कुणाचं नाव घेत नाही. क्रोम खात्यात नाकं दोन प्रकारची. कच्चं आणि पक्कं. नवा माणूस कच्च्या नाकाचा. टाकीवर बसून बसून नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं, की जुने लोक मेणाचा दोरा काढतात. एका नाकपुडीतून घातलेला दोरा दुसरीतून बाहेर आला, की नाक पक्कं! मग टाळ्या, चहा, पाठीवर थापा. आणि स्वतःची टाकी मिळते ती पक्क्या नाकालाच.

ह्यांचं नाक पक्कं झालं तेव्हा सगळं खातं आमच्या घरी आलं होतं. हे लग्नातल्यापेक्षा जास्त खुशीत. आरशासमोर उभे राहून दोरा इकडून तिकडे ओढून दाखवत होते आणि मंडळी वाहवा करत होती. मी चहा दिला, हसलेही. पण आत कुठेतरी चरकले. अहो, शरीराला भोक पडलंय, यात वाहवा कसली?

डॉक्टरबाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. टाकीवर जे बारीक धुकं उडतं ना, ते नाकात बसतं आणि आतून पडदा खात जातं. दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तेच हातावर बसलं की खळगे पडतात. ते तरी दिसतात. नाकातलं दिसत नाही, छातीतलं तर त्याहून नाही. बाई म्हणाल्या, "वास घेणाऱ्या नसा गेल्या, त्या आता परत येणार नाहीत."

त्यानंतर हे दार उघडून आत यायचे आणि उंबऱ्यात थांबायचे. सवयच ती! थोडा वेळ थांबायचे, मग चपला काढायचे. माझा दिवस तसाच पडून राहायचा, कुणी ओळखलेला नाही. शेवटी मीच सांगायला लागले. आज कपाट उघडलंय, लाकडाचा वास आहे. आज बाहेर रंगकाम चाललंय. आज मी नवीन साबण लावलाय. हे ऐकतात हो, मन लावून ऐकतात. पण ऐकलेला वास तो वास नव्हे, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

आमच्या लेकीला मुलगी झाली. ह्यांनी नातीला उचललं, तिच्या टाळूला नाक लावलं. पुन्हा लावलं. पुन्हा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग ना." आणि मंडळी, मला सांगता येईना. आयुष्यभर ह्यांना वास सांगत आले, पण तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास कशासारखा असतो? तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा मला. मी हरले.

नातीचे वडील, म्हणजे आमचे जावई, ह्याच खात्यात आहेत. तिसऱ्या रांगेत बसलेत, मांडीवर नात आहे. उद्यापासून ह्यांची टाकी रिकामी. परवा मी बेसिनपाशी गेले, तर जावईबापू आरशासमोर उभे, मान वर, हातात दोरा! आरपार जातोय का बघत होते. गेला नाही, तर चेहरा एवढासा झाला. मला केवढा आनंद झाला!

अहो सत्कारमूर्ती! खिसा चाचपू नका. तुमचा दोरा तिथे नाही.

काय आहे मंडळी, दोरा उतरत्या मास्तरानं चढत्या मास्तराच्या हातात द्यायचा असतो, आज ह्या व्यासपीठावरून. म्हणून आज सकाळी मी तो ह्यांच्या खिशातून काढला आणि गॅसवर धरला. मेणाचा दोरा तो, काय घाण वास सुटला! लेक आतून ओरडली, "आई, काय जळतंय?" जावईबापू, तुम्ही तोंडावर साबण तसाच ठेवून धावत आलात. आणि हे? हे माझ्यापासून हातभर अंतरावर बसून चहा पीत होते. वर विचारतात, "सगळे कशाला धावताहेत गं?"

मालकसाहेब, गुच्छ सुंदर आहे, मी तो जपून ठेवीन. पण ह्यांना खरंच काही द्यायचं असेल, तर टाकीच्या कडेचा, धुकं ओढून घेणारा तो एक्झॉस्ट पंखा रोज चालू ठेवा, तपासणीवाले येतात त्याच दिवशी नको. आणि ज्याचं काम चांगलं त्याला टाकी द्या, नाक बघून नको. मंडळी, तुम्हीही "आवाज फार होतो" म्हणून तो पंखा बंद करता, मला माहीत आहे. होऊ दे आवाज!

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. आवरते. मालकसाहेबांचे, डॉक्टरबाईंचे, ह्यांना इतकी वर्षं जीव लावणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बायकोच्या तोंडून चार शब्द तिखट गेले असतील, तर ते माझ्या पदरात परत टाका आणि मला माफ करा.

फक्त एक काम राहिलं. जावईबापू, इकडे या, लेकीला घेऊन. संकोच कसला, सगळी घरचीच माणसं आहेत. लावा तिच्या टाळूला नाक. घ्या, पोटभर घ्या. आता मला काही सांगू नका. तिकडे सासरे बसलेत ना, त्यांच्या शेजारी बसा, आणि त्यांना सांगा.