उत्तराबाईंच्या वाटचा वास

…नाही, पण तुम्हीच सांगा, बहात्तर वर्षांच्या माणसाला लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी कुठे न्यायचं? देवळात न्या, थाळी खायला न्या, अगदीच हौस असेल तर माथेरानला न्या! पण नाही! आमच्या ठाकुर्लीच्या त्र्यंबकरावांना त्यांच्या लेकीने, माजिवड्याच्या देवयानीने, सकाळी सकाळी गाडीत कोंबलं आणि कसारा घाट चढवून थेट नाशिककडच्या वाइनरीत नेलं! आणि त्र्यंबकराव कोण, तर जन्मात खोकल्याच्या औषधापलीकडे न गेलेला माणूस! घाटात ते बिचारे एवढंच म्हणाले, "अगं, त्यापेक्षा द्राक्षंच घेऊन खाऊ की!" तर लेक इगतपुरीपर्यंत बोलली नाही. आता ह्यात त्र्यंबकरावांचं काय चुकलं?

शेजारी त्यांच्या पत्नी, उत्तराबाई. त्यांचं काय आहे, तुम्हाला सांगतो… चार वर्षांपूर्वी त्यांना ताप आला, ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. नाक आहे जागेवर, चमकीसकट, पण वास? शून्य! मोगरा नाही, हिंग नाही, काही नाही! डॉक्टर म्हणाले येईल, येईल… आलाच नाही. तेव्हापासून फोडणी टाकली की आतून हाक, "अहो, बघा हो, करपतंय का?" की हे पेपर टाकून धावणार, हुंगणार, "नाही" म्हणणार, परत पेपर. आणि लेकीला ह्यातलं अक्षर ठाऊक नाही! उत्तराबाईंनीच सांगू दिलं नाही, "उगाच पोरीच्या जिवाला घोर."

तर तिथे लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे तीन ग्लास, ग्लासात दोन घोट. जागृती नावाची मुलगी माहिती देत होती, "लगेच प्यायची नाही हां! आधी ग्लास फिरवा, नाक आत घाला, आणि मला सांगा काय काय येतंय!" झाली ना पंचाईत! समोरचा दाढीवाला डोळे मिटून म्हणतो, "पेरू येतोय… आणि मागून थोडं चामडं." चामडं! त्र्यंबकराव म्हणाले, "चामड्याचा येतोय तर बदलून घ्या की राव!" सगळे असे बघायला लागले! ह्यात त्र्यंबकरावांचं काय चुकलं?

आणि तेवढ्यात जागृती वळली, "काकू, तुम्हाला काय येतंय?"

उत्तराबाईंनी नाक आत घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच, पण नजर ह्यांच्याकडे वळली हो… फोडणीच्या वेळी वळते तशी. देवयानी मोबाइल धरून शूटिंग करतेय, "सांग ना आई!"

आणि हा माणूस, ज्याने पंचेचाळीस वर्षांत भाजीला 'बरी आहे'च्या पुढे शब्द काढला नाही, त्याने तिच्या हातातला ग्लास घेतला, नाक घातलं आणि सुरूच झाला, "थांब, मी सांगतो. उत्तरा, मानपाड्याच्या खोलीमागे जांभूळ होतं बघ, खाली सडा पडायचा, पायांनी चिरडलेला, आंबूस… तो येतोय. आणि त्याच्या खाली आपलं पहिलं लाकडी कपाट, नवं नवं, तू दार उघडलंस की यायचा तो, तुझ्या शालूसकट. आणि एकदम शेवटी ना… देवयानीच्या टाळूला तेल लावायचीस, ती ऊब."

दाढीवाल्याने डोळे उघडले. जागृती म्हणाली, "सर, तुम्ही ह्याच लाइनमध्ये होतात?" आणि देवयानीचा मोबाइल हळूहळू खाली आला. "आई… तुला वास येत नाही?"

"चार वर्षं झाली गं," उत्तराबाई म्हणाल्या, "पण ह्यांना येतो की."

लेक ढसाढसा रडली, आई तिची पाठ थोपटत बसली, आणि थोपटता थोपटता एका हाताने स्वतःचे तिन्ही ग्लास संपवले, मग त्र्यंबकरावांचेही तिन्ही! "आंबट आहे, पण बरं वाटतंय," म्हणाल्या, आणि गाडीत जी ह्यांच्या खांद्यावर मान टाकली ती पडघा येईपर्यंत. खांदा बधिर झाला, पण हे हलले म्हणून नाहीत.

आणि आता भोगताहेत! रोज सकाळी उत्तराबाई चहाचा कप ह्यांच्या नाकाखाली धरतात. "सांगा." हे म्हणतात, "चहाचा येतोय." चहाला चहाचा म्हटलं, ह्यात त्र्यंबकरावांचं काय चुकलं? पण नाही! "तसं नाही, नीट सांगा!" मग काय, बसतात सांगत… आलं सांगतात, गवती चहाची पात सांगतात, कुठल्या साली कुठे प्यायलो होतो ते सांगतात, त्या डोळे मिटून ऐकतात, आणि ह्यांचं सांगून होईपर्यंत, काय सांगू तुम्हाला, दोघांचाही चहा पार गार!