केरसुणीच्या छपरांचं गाव

हसायचं तर हसा, पण बायकोचे उपकार मी सांगणारच. दर दिवाळीला शहापूरचा मेव्हणा मुरबाडला आमच्याकडे आला की टेबलावर लढाई व्हायची. दोघांनी काडेपेट्यांची गावं मांडायची, गोट्या मारून एकमेकांची पाडायची. दरवर्षी माझंच गाव भुईसपाट! एका वर्षी मी नवी केरसुणी कापून घरांना झकास छपरं घातली. संध्याकाळी लक्ष्मी म्हणून पुजायला हिला केरसुणी सापडेना.

"ओ, केरसुणी कुठाय?"

"छपरं बघ."

"लक्ष्मी कापलीत? आता पूजा हितंच!" म्हणत हिनं गावालाच हळदकुंकू वाहिलं.

मी मेव्हण्याला म्हटलं, "मार गोटी."

"लक्ष्मीला? नाय ओ भावजी, तुमीच जिंकलात!"

तो लक्ष्मीच्या पाया पडला, मी हिच्या.