झाकणावरचा कागद

टांझानियातल्या टांगा शहरात शबानी वायरिंगवाल्याकडे झुहुरा नंबर लावून बसली होती. पुढे एक बाई जपानहून आलेली जुनी गाडी घेऊन उभी होती.

"हॉर्न वाजत नाही, दादा. फ्यूज बदलला, तरी नाही."

"कुठला बदलला?"

"ह्या कागदावर बघून. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर सगळं जपानी. म्हणून ह्यांनी स्वाहिलीत लिहून चिकटवलाय."

"कागदच चुकलाय, वहिनी. तुम्ही बदललात तो रेडिओचा. हॉर्नचा हा, शेजारचा. बघा, आतली तार तुटलीय."

"ते एकेक फ्यूज काढायचे आणि काय बंद पडलं ते मी आतून सांगायचे. हसत होते मी. त्यात चुकले असेन."

"हं, नवा बसवला. वाजवा."

हॉर्न वाजला.

"आता साहेबांना पाठवा एकदा. सगळा कागद तपासून घेऊ."

"ते गेले, दादा. शुक्रवारी चाळिसावा झाला त्यांचा."

शबानीने खिशातून पेन काढलं.

"मग एवढं एक खोडून नीट लिहून देतो. नाहीतर पुन्हा फसाल."

"पेन नका लावू त्याला. बोट ठेवून दाखवा, दादा. कुठं चुकलंय ते मी लक्षात ठेवीन."