गिळायची नाही, चावायची

शिवणकाम करणाऱ्या मावशी सुनेला आत नेल्यापासून ऑपरेशन थिएटरबाहेर जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर इंग्रजीचे निवृत्त मास्तर आणि त्यांची लेक. दोघांची जुंपली तसे मावशींचे कान आपसूक तिकडे वळले.

"आई आत जाताना हसून म्हणाली, 'निघाले, स्वॅलो द बुलेट!' आणि तुम्ही स्ट्रेचर थांबवून तिची चूक काढलीत, बाबा?"

"बाइट द बुलेट असं आहे ते. गोळी चावायची असते, गिळायची नाही."

"आयुष्यभर हेच! तिनं तोंड उघडलं की तुमची लाल शाई तयार."

"पूर्वी भूल नव्हती. जखमी शिपायाच्या दातांत बंदुकीची गोळी द्यायचे म्हणे, आणि मग कापायचे."

"मला नकोय तुमचा वाक्प्रचाराचा उगम. आत तिला..."

"कळ सोसायला चावायची. गिळली तर माणूस हातचा जायचा."

"बाबा, पुरे!"

"म्हणून म्हटलं गं तिला, गिळू नकोस. दुसरं काही सुचेचना मला."

लेक सरकून त्यांच्याजवळ बसली. मावशींनी मान खाली घातली.

तेवढ्यात दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या.

"मास्तर कोण? काकू शुद्धीवर आल्यात, सगळं नीट झालंय. पण सारखं एकच म्हणतायत, 'मास्तरांना सांगा, गिळली नाही.' अहो, उपाशीपोटी आणा म्हणून बजावलं होतं ना? काय दिलं होतंत तुम्ही त्यांना?"