अस्वलाची लेबलं

चोरलेल्या चित्राच्या खाली मी माह्या प्रेसचं नाव अन् पत्ता छापला. आता काहून छापला, हे सांगाले माह्या गावापासून, खाप्यापासून सुरुवात करा लागते. माहे वडील खाप्याले मागावर लुगडी विणत. माह्या हातून धागा रोज तुटे, म्हणून त्यांनी मले नागपुरात इतवारीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवाले लावून देलं. तिथल्या मालकाची एकच शिकवण, हँडबिल असो का लग्नाची पत्रिका, खाली मुद्रकाचं नाव-पत्ता नसला तं पोलीस येते. हाताले ते वळणच पडलं.

पुढं मी आपली मशीन घेतली, पायानं चालवाची, जुनी. घराच्या पुढच्या खोलीत बसवली. घरात खरी कमावती तीच, मी नुसता पाय हलवत होतो.

मग एक दिवस दामोदरशेठ आले, वह्या-पाट्यांचे व्यापारी. हातात जपानची कंपासपेटी, झाकणावर त्या लोकांच्या कार्टूनमधलं अस्वल, डोळे बशीएवढे, डोक्यावर हेल्मेट. म्हणाले, गणपतराव, वहीवर चिकटवाची लेबलं काढा याची. मी म्हटलं, शेठ, चित्र कोणाचं? ते म्हणाले, जपान्याचं, तो काय इतवारीत येऊन राहिला का? मले पटलं. तीन ब्लॉक बनवले, रंगावर रंग असा बसवला, काय सांगू तुम्हाले, हेल्मेटवरची चमकसुद्धा उतरली. अन् खाली, सवयीनं, नाव, गल्ली, इतवारी, नागपूर.

शाळा उघडल्या, मौद्यापासून हिंगण्यापर्यंत पोरांच्या वह्यांवर अस्वलच अस्वल. अन् इकडे मुंबईच्या एका कंपनीनं त्या अस्वलाचे हक्क रीतसर घेतलेले. त्यांचा वकील फौजदाराले घेऊन थेट माह्या दारात, रस्त्यात कोणाले विचारा लागलं नाई. फौजदार म्हणे, काका, पत्ता ठेवून जाणारा चोर पहिल्यांदाच पाहून राहिलो. लेबलं नेली, ब्लॉक नेले, मशीनले लाखेचं सील ठोकलं. दामोदरशेठनं तं मले ओळखलंच नाई.

दोन वर्षं मशीन तशीच उभी. आम्ही तिच्या बाजूनं हळू चालत होतो, घरात कोणी आजारी असल्यासारखे. मी दुसऱ्याकडे खिळे जुळवून अन् कोर्टाच्या तारखांले जाऊन जाऊन थकलो. आमचे वकील म्हणाले, गणपतराव, फक्त इतकं म्हणा, हे ते अस्वल नाई, मी काढलेलं दुसरंच जनावर आहे. मशीन सुटते. मी हो म्हटलं.

कोर्टात जजसाहेबांनी पेटी अन् लेबल बाजूबाजूले ठेवलं, चष्मा वर केला, म्हणाले, हे काही तितकं जमलेलं नाही, भलतंच दिसतंय. आमचे वकील हसले. बस, तिथं गप्प राहाचं होतं. पण मी उभा झालो. पंधरा वर्षांचा हात, अन् जमलं नाई म्हणता? मी म्हटलं, साहेब, नीट पाहा, हुबेहूब आहे, केसाचा फरक दाखवा. ते हेल्मेट पाहा.

वकिलानं कपाळाले हात लावला. मशीन सरकारजमा झाली.

आता साठी आली, अजून दुसऱ्याच्याच छापखान्यात प्रूफं वाचून राहिलो. कंपनीवर राग नाई, चित्र त्यांचंच होतं. चालू आहे, चालू द्या. आता चहा ठेवता ठेवता आमची बायको सुशीला काय बोलली, ऐकलं ना? म्हणे, त्या फौजदारानं सील मशीनले ठोकलं, ह्यांच्या तोंडाले ठोकलं असतं तं मशीन घरात असती.