व्याह्यांचा टेम्पो

...आणि वर लोक विचारतात काय, तर लागलं कुठं? म्हणजे रक्त दाखवा, टाके दाखवा, निदान एखादी पट्टी तरी दाखवा, नाहीतर अपघात झालाच नाही. आता मानेच्या आत काय झालंय ते काय शर्ट काढून दाखवायचं? तुम्हाला सांगतो, आमचा केसरीनाथ या एका प्रश्नाचं उत्तर देऊन देऊन दमला बिचारा, आणि आता त्याच्या वतीनं मी देतो, कारण काल्हेरला आमची भिंतीला भिंत, आणि त्याला मान वळवून बोलता येत नाही.

केसरीनाथ म्हणजे कसा... रिक्षावाल्यानं त्याच्या पायावरून चाक नेलं तर हाच त्याला सॉरी म्हणेल, असा. वडिलांचं भातशेत होतं तिथं आता गोदाम आहे, त्याचं भाडं येतं, त्यामुळे कुणाशी भांडायची वेळच आली नाही आयुष्यात. बायको विनिता, एकुलती एक मुलगी करिष्मा, गोदामाच्याच ऑफिसात डिस्पॅच बघते. त्या करिष्माचं वळ गावच्या काळूरामच्या मुलाशी, मितेशशी जमलेलं. काळूराम ट्रान्सपोर्टवाला, टेम्पो आहेत त्याचे, आवाजही टेम्पोसारखाच. साखरपुडा तोंडावर, हॉल धरलेला, केसरीनाथ गाडी घेऊन गावोगाव आमंत्रणं देत फिरतोय. आणि शेलार गावात आमंत्रण देऊन परत येताना, भर दुपारी, गोदामांच्या रस्त्यावर... धडाम.

कसं झालं ते नीट ऐका, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. समोर एक कंटेनर उलटा गेटात शिरत होता. मागचा रस्ता अडलेला, सगळे थांबलेले, हाही थांबला. नुसता थांबला नाही, हँडब्रेक लावून थांबला, खिडकीची काच खाली केली, वाऱ्याला तोंड दिलं. इतका थांबला. आणि मागून टेम्पो येऊन आदळला. मान पुढं गेली, मागं आली, डोक्यात घंटा वाजली, आणि हा बाहेर उतरून बघतो तर टेम्पोतून कोण उतरतंय? ड्रायव्हर रघू, काळूरामचा जुना माणूस. आणि त्याच्या शेजारच्या सीटवरून कोण? मितेश. होणारा जावई. आला, गाडीच्या चेपलेल्या डिकीकडं बघितलं, सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि काही सुचेना म्हणून खाली वाकून पाया पडला.

आता मला सांगा, पाया पडलेल्या माणसावर कुणाचा हात उठेल?

बघ्यांची ही गर्दी. त्यातला एक म्हणतो फोटो काढा, दुसरा म्हणतो, अरे भाई, गाडी हटाव, माल खाली करना है, तिसरा म्हणतो पोलिसांना फोन लावा. तेवढ्यात मितेशच्या फोनवर काळूराम मोटरसायकलवरून हजर. त्यानं केसरीनाथच्या खांद्यावर हात टाकला, म्हणाला, व्याही, पोलीस कशाला, आपलीच माणसं हायेत. झालं. केसरीनाथ म्हणाला, खरंय, आपलीच माणसं. काळूरामनं विचारलं, लागलं का कुठं? हा म्हणाला, मला काय झालं न्हाय. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? रघू बिचारा हात जोडून उभा, त्याला बरं वाटावं म्हणून हा वर म्हणतो, माझाच ब्रेक जरा जोरात लागला असंल. हँडब्रेक लावून उभा असलेला माणूस, तुम्हाला सांगतो! मग गाड्या बाजूला घेतल्या, फोटो नाही, पोलीस नाही, दोघा व्याह्यांनी कोपऱ्यावर चहा घेतला, आणि हा घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. विनितानं हाक मारली तर हा अख्खा वळला, दारासारखा. तिनं शेकलं, तेल लावलं, उशी काढली, उशी परत दिली. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन एकेक उपाय सांगून गेला, मीसुद्धा सांगितला, खोटं कशाला बोला. एकानं तर हाडं बसवणारा आणला, त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरून झटका द्यायची तयारी केली, तेव्हा करिष्मा मध्ये पडली म्हणून वाचला, नाहीतर ही गोष्ट आज मी तेराव्याला सांगितली असती. डॉक्टरकडं जा, ती रोज म्हणायची. हा म्हणायचा, डॉक्टर विचारंल कसं झालं, काय सांगू? साखरपुडा होऊन जाऊ दे. आपलीच माणसं हायेत.

आणि मग त्याच्या हातातून कप पडला. चहाचा भरलेला कप, उजव्या हातातून, नुसता सुटला. ठेच नाही, धक्का नाही... बोटांनी धरणंच सोडलं. विनिता म्हणाली, गरम होता का? तो हात डोळ्यांपुढं धरून बघत बसला. नंतर मला सांगत होता, बोटं आपली वाटतच नव्हती म्हणे, दुसऱ्याची उसनी आणल्यासारखी. त्या दिवशी शर्टाची बटणं विनितानं लावली. लावताना ती रडत होती आणि हा तिच्या डोक्यावरून समोर भिंतीकडं बघत होता, कारण खाली बघता येत नव्हतं.

करिष्मानं सुट्टी टाकली, रिक्षा बोलावली आणि बापाला ठाण्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण होते, शांत. तपासलं, एमआरआय काढला, म्हणाले, मानेतली एक गादी सरकून नसेवर दाब आलाय, आणखी उशीर केला असता तर हात कायमचा गेला असता. झालं कशानं? आणि केसरीनाथ, बरं का, एवढं ऐकूनसुद्धा म्हणतो काय, तर झोपेत अवघडली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, काका, झोपेत असं होत नाही. अपघात असेल तर तसं लिहावं लागतं, पोलिसांना कळवावं लागतं, आणि तुमच्याच उपयोगाचं असतं ते. उद्या हात कामाचा राहिला नाही तर काय म्हणून सांगाल? बाहेर माणसं खोळंबलेली. शेवटी करिष्मा म्हणाली, "लिहा. टेम्पोनं मागून ठोकलं. टेम्पो माझ्या सासऱ्यांचा आहे."

आता घरी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. विनिता डोक्याला हात लावून बसली, की साखरपुडा मोडला आता. नातेवाईक फोनवर फोन, सगळ्यांचं एकच, आपलीच माणसं आहेत. अहो, आपलीच माणसं आहेत म्हणून तर ठोकल्यावर पळून गेली नाहीत, हे मान्य, पण नस दबायची राहते का आपली माणसं बघून?

विनिताचा भाऊ मनोज, भिवंडी कोर्टात वकील. तो आला, कपाळाला आठ्या घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भावोजी, मला काही झालं नाही, माझाच ब्रेक लागला, गाडी बाजूला घ्या. समोरच्या वकिलाला जे बोलायचं असतं ते सगळं तुम्हीच त्या रस्त्यावर बोलून आलात." मग त्यानं समजावलं, अगदी शाळेतल्यासारखं, की दावा लावला तर पैसे काळूराम देत नाही, विमा कंपनी देते, तो विमा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला लागलं तर भरपाई मिळावी म्हणूनच काढायला लावतात, आणि काळूराम दरवर्षी तो हप्ता भरतो तो काय गणपतीची वर्गणी म्हणून? केसरीनाथनं विचारलं, म्हणजे काळूरामच्या खिशाला चाट न्हाय? मनोज म्हणाला, विमा चालू आहे, कागद बरोबर आहेत, मग नाही. हा म्हणाला, मग हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं का न्हाय? आता त्या दिवशी मनोज कुठं होता, तर याच्याच पोरीच्या साखरपुड्याला घालायचा सूट शिवायला टाकत होता.

मग पोलीस ठाणं. हवालदारानं विचारलं, इतके दिवस काय करत होता? केसरीनाथ म्हणाला, आमंत्रणं देत होतो. कुणाविरुद्ध तक्रार? टेम्पोवाल्याविरुद्ध. ओळखीचा आहे का? होणारे व्याही आहेत. हवालदारानं लिहिणं थांबवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. गोदामाच्या गेटावर कॅमेरा होता, तर त्यातलं जुनं चित्र पुसून त्यावर नवं आलेलं. त्या दिवशी दोघांना चहा पाजलेला चहावालाच म्हणाला, मैं तो छुट्टी पे था. म्हणजे राहिलं काय, तर याचा शब्द आणि त्यांचा शब्द, आणि याचा शब्द तर हा स्वतःच देऊन बसलेला, ब्रेक माझाच लागला म्हणून.

काळूराम आला त्याच संध्याकाळी. हातात चिकूची पिशवी, चेहरा पडलेला. वाईट माणूस नाही हो तो, उगाच त्याला राक्षस करू नका. म्हणाला, औषधपाणी मी बघतो, पण केस नको, टेम्पो पोलीस ठेवून घेतील, रघूवर गुन्हा लागंल, त्याची पोरं लहान. आणि मग हळूच, चपला घालता घालता म्हणाला, तुम्हीच तर म्हणालात व्याही, ब्रेक तुमचा लागला. केसरीनाथला त्याच्याकडं मान वर करून बघताही येईना. तो समोर टेबलावर ठेवलेल्या चिकूंकडं बघत राहिला.

आता राहिला एकच माणूस, ज्यानं टेम्पोच्या पुढच्या सीटवरून सगळं बघितलं होतं. तो म्हणजे मितेश. आणि अपघातापासून मितेश या विषयावर एक अक्षर बोलला नव्हता. रोज फोन करायचा, जेवलीस का, मामांची मान कशी आहे... मान कशी आहे विचारायचा, पण ती तशी का झाली हा विषय आला की नेटवर्क जायचं.

करिष्मानं त्याला घरी बोलावलं. आमच्या मध्ये भिंतच आहे म्हणून ऐकू आलं, मी काही कान लावला नव्हता. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "साखरपुडा होईल की नाही ते मी विचारतच नाही. पप्पांची गाडी उभी होती की चालत होती, एवढंच सांग." मग मितेश म्हणाला, उभी होती. ती म्हणाली, हे माझ्यापुढं बोलून उपयोग नाही. तो म्हणाला, बाबा घराबाहेर काढतील. ती म्हणाली, मग आमच्याकडं जागा आहे, पण खोटं बोलणाऱ्याला नाही.

तो गेला. केसरीनाथनं आतून हाक मारली, म्हणाला, पोरी, मोडू नको माझ्यापायी, एका हातानं जगतात लोक. तेव्हा मात्र ती रडली, असं विनिता सांगते.

दुसऱ्या दिवशी मितेश एकटा पोलीस ठाण्यात गेला. सांगितलं, मामांची गाडी उभी होती, आमचाच टेम्पो मागून लागला, रघूकाकांना डुलकी लागली होती, कारण बाबांनी त्यांना झोपूच दिलं नव्हतं, आधीची खेप संपायच्या आत दुसरी लावली होती. बापाच्या विरुद्ध, स्वतःच्या तोंडानं. काळूराम त्याच्याशी बोलेना झाला. रघूवर गुन्हा लागला, जामीन लगेच झाला, टेम्पो काही दिवसांनी सुटला, आणि काळूरामनं रघूला कामावरून काढलं नाही, उलट आता झोपल्याशिवाय पाठवत नाही, हेही सांगायला पाहिजे. दावा लागला. ठाण्याच्या कोर्टात.

साखरपुडा? झाला की. केसरीनाथ गळ्यात पट्टा घालून बसला होता, ताठ, देवळातल्या मूर्तीसारखा. आणि त्याचा एक तोटा झाला. विहीणबाई विचारायच्या, जेवण दोनदा ठेवायचं ना? बँड आमच्याच गावचा ना? आता पट्ट्यामुळे नाही म्हणायला याची मान हलेना, त्यामुळे सगळं विहीणबाईंच्या मनासारखं ठरलं. काळूराम पहिल्यांदा लांब बसला, मग जवळ येऊन बसला, मग ताटातली जिलबी उचलून व्याह्याच्या तोंडात घातली, कारण व्याह्याच्या उजव्या हाताला ती अजून नीट उचलवत नव्हती. जिलबी भरवली आणि काळूराम तोंड फिरवून बसला.

हात बराचसा आला म्हणा. दोन बोटं अजून बधिर आहेत, ती येतील की नाही डॉक्टर सांगत नाहीत. बटणं तो आता स्वतः लावतो, वेळ लागतो, पण लावतो.

परवा कोर्टाची तारीख होती. केसरीनाथला गाडी चालवायची मनाई, तर काळूराम म्हणाला, मलापण तिथंच जायचंय, बसा. म्हणजे दावा लावणारा आणि ज्याच्यावर लावला तो, एका गाडीत, मधल्या जागेत विहीणबाईंनी दिलेला डबा. पुकारा झाला, दोघं एकदम उठले. साहेबांनी विचारलं, आपसात मिटण्यासारखं आहे का? काळूराम म्हणाला, साहेब, आमचं भांडणच न्हाय. साहेब म्हणाले, मग? मग काय, विमा कंपनीचा वकील आला नव्हता. पुढची तारीख मिळाली.

बाहेर येऊन दोघांनी ती बघितली आणि पायरीवरच बसले. तारीख पडली होती नेमकी लग्नाच्या दिवसाची, सकाळी अकराची. केसरीनाथ म्हणाला, आता? काळूरामनं डबा उघडला, एक पोळी व्याह्याला दिली, एक स्वतः घेतली, आणि म्हणाला, "आता काय. मुहूर्त संध्याकाळचा काढू. भटजी ऐकंल आपलं, कोर्ट ऐकायचं न्हाय."