बिटाचा वाफा

ताई : सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. लोक या वेळेला चहा पितात. तू माझी बीटं उपटतो आहेस.

भाऊ : अर्धा वाफा राहिलाय.

ताई : आधी तोंड उघड, मग हात चालव.

भाऊ : तू दिलेलं बीट तपासलं. शिसं निघालं. मर्यादेच्या तिप्पट.

ताई : बहिणीनं दिलेली भाजी माणसं चिरतात.

भाऊ : प्रयोगशाळेत काम करतो. सवय.

ताई : अरे, तुझ्या भावोजींचं बॅटरीचं दुकान इथून हलून नऊ वर्षं झाली.

भाऊ : दुकान हललं. शिसं नाही.

ताई : गेल्या वर्षी तूच माती तपासलीस. म्हणालास, गांडुळं सोड, सुधारेल. सोडली. आता कुठेही खुरपं मारलं तरी दहा निघतात. करंगळीएवढी.

भाऊ : माती सुधारलीच.

ताई : मग?

भाऊ : शिसं मातीला घट्ट धरून होतं, मुळांच्या हाती लागत नव्हतं. गांडुळांनी ती माती खाल्ली. थोडं शिसं त्यांच्या अंगात राहिलं. बरंचसं सुटं होऊन बाहेर आलं. ते बिटानं घेतलं.

ताई : आणि ती मेली गांडुळं मात्र धडधाकट?

भाऊ : त्यांना सोसतं.

ताई : हे गेल्या वर्षी ठाऊक नव्हतं?

भाऊ : काही मातीत उलटं होतं, शिसं आणखी बांधलं जातं. इथे काय होतं, ते भाजी लावायच्या आधी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही.

ताई : आणि पोटापाण्यासाठी तू हेच करतोस.

भाऊ : हो.

ताई : बाळ्या, दर रविवारी पोरीकडे पिशवी भरून पाठवलीत मी. सातवा महिना, अंगात रक्त कमी. तिला बीट बघवत नाही. माझ्या धाकानं खाते.

भाऊ : माहीत आहे.

(ताई वाफ्याच्या कडेला बसते.)

ताई : तिला कळवलंस?

भाऊ : काल संध्याकाळी. जावईबापूंना.

ताई : आणि मला आज.

भाऊ : तुला फोनवर सांगवेना. आज साडेसहाला तिचं रक्त घेतलं.

ताई : बाळाचं?

भाऊ : बाळाचं वेगळं घेत नाहीत. तिचं काय येतं, ते परवा दुपारी.